डावखुरा सोको

६ फेब्रुवारी १९७७, रविवार

मालकांनी स्टुडिओत दोन ट्रॅकचं रेकॉर्डिंगचं यंत्र आणलं. जुनंच आहे, कुठल्याशा रेडिओ केंद्राने टाकून दिलेलं. मी उघडून साफ केलं. आता वाद्य एका ट्रॅकवर आणि आवाज दुसऱ्यावर घेता येईल. हे यंत्र चालवायला मला कुणी शिकवलेलं नाही. पहिला रेडिओ मी मेलेल्या अवस्थेत उघडला होता आणि जिवंत करून परत दिला होता, तिथपासूनचं सगळं माझं मीच.

कागदावर माझी नेमणूक झाडूवाला अशी आहे, कारण काळ्या माणसाला दुसरं पद देता येत नाही म्हणे. मालक सकाळी येतात, मी केलेलं ऐकतात, मान हलवतात आणि गॉल्फला जातात. सॅलिसबरी शहरातल्या काळ्यांच्या हरारी वस्तीत ज्या घरी रेडिओ आहे त्या घरी माझं काम वाजतं. नाव कुणाला माहीत नाही.

मुलाचं, टिचाओनाचं, पत्र नाही. नाव मीच ठेवलेलं. 'पुढे बघू' असा अर्थ, कारण त्याच्या आधीची दोन पोरं जगली नव्हती. हुशार आहे, पण डावखुरा. सोल्डरचं आयर्न डाव्या हातात धरायचा. बोटांवर पट्टी मारली तरी हात बदलला नाही. नाताळनंतर पूर्वेच्या डोंगरातल्या मिशनच्या शाळेत परत गेला, तेव्हापासून एक ओळ नाही. तिकडची पोरं सरहद्द ओलांडून मोझांबिकात जातात आणि बंदुका घेऊन येतात असं ऐकतो. ज्याचं पोर गेलं त्याचं घर पोलीस उलटंपालटं करतात. आमच्या घरी तो प्रश्न नाही.

बायकोला म्हटलं, "तुझा मुलगा लिहायला विसरला."

"लिहील," ती म्हणाली. "पोरांना कुठे वेळ असतो."

१९ फेब्रुवारी

मेहुणा आला, केफासी. बसमधून उतरून घरी न जाता थेट स्टुडिओत. धुळीने माखलेला, कित्येक दिवस झोपलेला नसावा. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण बायको त्यांच्या घरून आणली म्हणून तो सासऱ्याच्या जागी. मी खाली बसून टाळ्या वाजवून रीतीप्रमाणे झोपेची विचारपूस करायची.

"झोपलात का, मोयो?" मोयो हे त्यांचं देवक. आमचं सोको, माकड. आमच्यात माणसाला देवकाच्या नावाने हाक मारली की मान दिला असं होतं.

"तुम्ही झोपला असाल तर मीही झोपलो, दाजी."

काचेच्या आत मात्र नातं संपतं. तिथे मी त्याला तू म्हणतो.

केफासी एके काळी हॉटेलात टाय लावून परदेशी गाणी म्हणायचा. मग एक दिवस गिटार विकून म्बिरा घेऊन आला, लोखंडी जिभांची फळी, जिला पाद्री सैतानाचं खेळणं म्हणायचे. तेव्हापासून त्याची सगळी गाणी हिरावलेल्या जमिनीची. दोन बंद झाली. गेल्या वर्षी तो स्वतःही काही महिने आत होता. विशेष पोलीस त्याचे शब्द कागदावर मागून घेतात, म्हणून आता तो गुरांची गाणी करतो. आजचंही तसंच, 'गुरं घरी आणा रे'. आई गुराखी पोरांना हाका मारते, एवढंच. कागदावर काहीही नाही.

भांडण झालं ते झाकणांवरून. म्बिरा भोपळ्यात ठेवून वाजवतो आणि भोपळ्याच्या काठावर बाटल्यांची झाकणं बांधलेली असतात. ती थरथरतात आणि प्रत्येक सुराभोवती एक घरघर उठते. मी म्हटलं, काढ ती, आवाज खराब होतोय.

"दाजी, झाकणांशिवाय म्बिरा म्हणजे मिठाशिवाय साद्झा."

"साद्झा मी चावून खातो. हे कानाने खायचंय."

"पूर्वजांना घरघरीतूनच ऐकू जातं म्हणतात."

"पूर्वज रेकॉर्ड विकत घेत नाहीत."

तो हसला, पण झाकणं काढली नाहीत. वर म्हणाला, "ज्यांनी ऐकायचं त्यांना ऐकू जातं. तुम्ही नुसतं यंत्र सांभाळा."

नुसतं यंत्र.

शेवटी शेवटी तो आमच्या जुन्या पद्धतीने खालच्या आवाजात गुणगुणला, तोंड मिटल्यासारखं. कागदावर त्या जागी फक्त 'गुणगुण' लिहिलंय. त्या घरघरीखाली मला एक शब्द स्पष्ट ऐकू आला. सोको.

केफासी लगेच खाणींच्या गावांकडे निघून गेला, तिथल्या बिअर हॉलांत कार्यक्रम आहेत. बहिणीला भेटायलाही थांबला नाही.

२० फेब्रुवारी

त्या शब्दाचा विचार करतोय. त्या खोलीत सोको एकच होता, काचेच्या अलीकडे. इतकी वर्षं झाल्यावर मेहुण्याने माझं नाव गाण्यात घातलं, तेही असं की मला त्यावर हक्क सांगता येऊ नये आणि नाकारताही येऊ नये. हे त्याच्या स्वभावाला धरून आहे.

बायकोला सांगितलं. ती मक्याच्या पिठाचा साद्झा ढवळत होती. हात थांबला.

"सोको म्हणाला? नक्की?"

"मी यंत्रावर बसलो होतो की तू?"

"पुढे काय म्हणाला?"

"झाकणांच्या घरघरीत कळलं नाही."

साद्झा खाली लागला तरी तिचं लक्ष नव्हतं. मग म्हणाली, "टिचाओनाचे बाबा, मला ते ऐकायचंय. पुढचं ऐकायचंय." लग्नाला एवढी वर्षं झाली, तिने माझ्या कामातलं काही ऐकायला मागितलं ते आज पहिल्यांदा.

२७ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर खपून एक फिल्टर केला. तार हाताने गुंडाळली. घरघर जिथे बसते तेवढीच पट्टी तो खातो, बाकी कशाला हात लावत नाही. असं यंत्र या देशात दुसरं नसेल. मालक नव्हते, म्हणून बायकोला स्टुडिओत नेलं, हेडफोन दिले आणि गुणगुणीची जागा लावली.

आता लख्ख ऐकू येतं. 'सोको, डावखुरा, छातीभर पाण्यातून पार झाला, गुरं सुखरूप.' मग, 'शुम्बा, कान फाटका, पार झाला.' आणखीही तशीच दोन-तीन देवकं. शुम्बा कोण ते ठाऊक नाही, ढोलवाल्यांपैकी असेल.

माझ्याबाबत तपशील बरोबर आहे. मी पोरवयात शहराकडे आलो तेव्हा सावे नदीला पूर होता, पाणी छातीला लागलं होतं. हे मी त्याला अनेकदा सांगितलंय. एक चूक आहे. मी डावखुरा नाही. पण तो काचेपलीकडे माझ्याकडे तोंड करून बसतो, त्याला माझा उजवा हात त्याच्या डाव्या बाजूला दिसतो. म्हणून झालं असणार.

बायको रडली. मग हसली, मग परत लावायला सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. माझ्यासाठी तिला इतकं भरून आलेलं मी पाहिलं नव्हतं. हेडफोन काढल्यावर तिने माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "हे आपल्यापुरतं. आता पुसून टाका. लोकांसाठी ती झाकणवालीच जाऊ द्या."

"का?"

"केफासीला तशी हवी म्हणून."

"त्याला आवाजातलं काय कळतं?"

"कधीतरी माझं ऐका."

मी हेडफोन गुंडाळून ठेवले. एरवी कागदावर झाडूवाला असतो. एका गाण्यात माझं नाव आलं तर तेही घरघरीखाली ठेवायचं?

५ मार्च

स्वच्छ केलेली प्रत रेकॉर्डच्या कारखान्यात पाठवली. बायकोला बोललो नाही. तिने विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, मला खोटं जमत नाही. ती नेहमी म्हणते, तुमच्या कपाळावर सगळं वाचता येतं, तुमच्याजवळ कुणी काही ठेवायला देऊ नये. तिने विचारलं नाही.

२ एप्रिल, शनिवार

वस्तीभर तेच वाजतंय. रेडिओवर सकाळ-संध्याकाळ. म्बिरा पाण्यासारखी आणि आवाज कानाशी बसल्यासारखा. असं रेकॉर्डिंग कुणी ऐकलेलं नाही, हे मी नाही, बसस्टँडवरचा रेकॉर्डवाला म्हणतो.

फारईची आई शेजारी राहते, बाजारात पालेभाजी विकते. गाणं लागलं तेव्हा मी तिच्या समोरच होतो. गुणगुण आली तशी हातातली जुडी टोपलीत ठेवायची विसरली. तोंडावर एक छटा येऊन गेली, आणि मग लगेच दुसरीच. इकडेतिकडे पाहून विचारलं, "हे इतकं साफ कसं काय ऐकू येतं?"

"मी केलं," म्हटलं.

"तुम्ही?" ती बराच वेळ बघत राहिली. मग टोपली उचलून घरी गेली. भर बाजारात.

संध्याकाळी केफासी आला. मी टाळ्या वाजवून बसलो. रेकॉर्ड लावली. त्याने शेवटपर्यंत ऐकली.

"झाकणं कुठे गेली, दाजी?"

मी फिल्टरचं सगळं सांगितलं. तार कुठली, वेटोळी कशी. त्याने मध्ये तोडलं नाही. मग म्हणाला, "चांगलं ऐकू येतंय. फार चांगलं ऐकू येतंय."

बायको भिंतीला टेकून उभी होती, राखेसारखी. "तू आज निघ," ती त्याला म्हणाली. "आत्ता. बोत्स्वानाकडे बस आहे."

"आणि मग ते कुणाकडे येतील, ताई?"

मी विचारलं, कोण येतील? दोघांनी माझ्याकडे पाहिलं. केफासी म्हणाला, "आयकर, दाजी. रेकॉर्ड फार खपतेय ना." मी म्हटलं, हिशेब चोख असेल तर भ्यायचं कारण नाही. त्यावर तो इतका हसला की डोळे पुसावे लागले.

जेवून गेला. जाताना म्बिरा आमच्याकडे ठेवून गेला, तो असं कधी करत नाही.

११ एप्रिल, ईस्टर सोमवार

केफासीला बिअर हॉलमधून नेलं, गाणं चालू असताना. बघणारे सांगतात, तो थांबला नाही, चालता चालताही म्हणत होता.

रेडिओवरून गाणं काढलं. मालक पांढरेफटक पडलेत. माझ्यावर ओरडले, गुणगुणीत शब्द आहेत हे मला का नाही सांगितलं. मी म्हटलं, साहेब, ते माझ्याबद्दल आहेत. त्यांनी डोकं धरलं.

माझ्याबद्दल गायला म्हणून माणसाला धरत असतील तर या देशाचं कठीण आहे. बायकोला म्हटलं, मी ठाण्यावर जाऊन समजावून सांगतो, सोको म्हणजे मी. तिने दार अडवलं. "तुम्ही कुठे जायचं नाही. कुणाशी बोलायचं नाही. तुमच्या पाया पडते." आणि खरंच पडली.

२४ एप्रिल

फारईच्या आईला पहाटे नेलं. घरातलं सगळं अंगणात फेकलंय, रजया, भांडी, पोराचा शाळेतला फोटो. फोटो मी उचलून आत ठेवला. फारईला शेवटचा पाहिला तेव्हा तो कमरेएवढा होता. कुत्र्याने कान फाडलेला होता त्याचा. त्याचं देवक मला माहीत आहे.

शाळांना सुट्टी लागली. टिचाओना आला नाही. बायको म्हणते, आत्याकडे राहिला असेल. आत्याकडे पत्र टाकतो म्हटलं तर म्हणाली, नका टाकू. का विचारलं तर भांडी घासायला बाहेर गेली.

नीट झोप लागत नाही.

९ मे

केफासी गेला. पोलिसांनी शवाचा खोका खिळे मारून दिला, उघडायचा नाही या अटीवर. पडला म्हणतात, जिन्यावरून. ज्या इमारतीत ठेवला होता तिला जिना नाही, ती मी पाहिलेली आहे.

गावी नेला. घरचा जावई म्हणून खड्डा खणायचं काम माझं. जमीन कडक होती.

झकारिया आला होता. तो त्यांच्या घराण्याचा सोयऱ्यासारखा मित्र. आमच्यात मौतीला अशा मित्राने थट्टा करायची असते, काहीही बोलायची त्याला मुभा, आणि कुणी रागवायचं नाही. त्याने आधी केफासीची नक्कल केली, टाय लावून हॉटेलात गातानाची. म्हाताऱ्यासुद्धा हसल्या. मग माझा कोट अंगात घातला, कानांवर दोन पत्र्याची झाकणं धरली आणि कबरीकडे वाकला.

"केफासी, परत म्हण. नीट म्हण. मागच्या बाकावर सार्जंट बसलाय, त्याला ऐकू येत नाहीये."

लोक हसले. मीही हसलो, हसावं लागतं.

"काय म्हणालास? सोको? अरे, मीच तो." त्याने छाती बडवली. मग माझं फावडं हिसकावून घेतलं, डाव्या हातात धरलं आणि वेडंवाकडं खणायला लागला. "बघा, मी डावखुरा. मी पोहून गेलो. मीच सगळ्यांना सांगितलं कुठून गेलो."

यावर कुणी हसलं नाही. बायका जमिनीकडे बघत होत्या. माझी बायको फक्त माझ्याकडे बघत होती.

झकारियाने फावडं परत दिलं. मी ते घेतलं, उजव्या हातात. त्या हाताकडे बघत किती वेळ उभा होतो कळलं नाही. मग उरलेली माती लोटायची होती, ती लोटली.

१० मे

सकाळी बायकोने विचारलं, रोज विचारते तसं, "झोपलात का?"

"तू झोपली असशील तर."

ती चूल पेटवायला वळली. नंतर मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही खरं बोलता," ती म्हणाली. "सगळ्यांशी."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

१७ मे

ठाण्यावर बोलावणं आलं. सार्जंट ग्वेन्झी. आपल्यातलाच माणूस, आपलीच भाषा, बोलणं अदबीचं. खुर्ची दिली, टाळ्या वाजवल्या, झोपलात का विचारलं. मग छोट्या यंत्रावर रेकॉर्ड लावली. माझं काम. त्या खोलीतही लख्ख.

"तुमच्या मेहुण्याने शेवटपर्यंत काही सांगितलं नाही," तो म्हणाला. "एकच म्हणत राहिला. ती नुसती गुणगुण आहे, शब्द नाहीत. इतकी साफ रेकॉर्ड समोर असून." तो थोडा हसला. "बाकीच्यांची घरं आम्हाला सापडलीत. हा सोको राहिलाय. सोको वस्तीत पुष्कळ. डावखुरे कमी."

"तो मी," म्हटलं.

"तुम्ही?"

"त्याने ते माझ्यावर केलं होतं. मी सावे नदी छातीभर पाण्यातून ओलांडून शहरात आलो. कुणालाही विचारा. मालकांना मी गाणं रेडिओवरून काढलं तेव्हाच सांगितलंय, त्यांना विचारा." हे सांगताना मला कपाळावर काही आणावं लागलं नाही. हे मी दोन महिने खरंच मानलं होतं, तसंच्या तसं परत म्हटलं.

"मुलगा आहे ना तुम्हाला?"

"होता. शाळा सोडून जोहान्सबर्गला पळाला, खाणीत. माझ्यासाठी मेला."

"कोणत्या हाताने लिहितो?"

"उजव्या. माझ्यासारखा होऊ नये म्हणून लहानपणी पट्टीने मारून सवय मोडली."

त्याने जबाबाचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं, बरोबर मधोमध. हाताकडे बघत बसला.

माझी सही सुंदर आहे. कुणी शिकवलेली नाही. माझ्या नावातल्या, जायरोसीच्या, 'ज'ला एक वळण आहे, ते मी पोस्टातल्या कारकुनाचं बघून घोटलं होतं.

पेन डाव्या हातात घेतलं. अक्षरं एकमेकांवर पडली. पहिलीतलं पोर काढेल तशी.

त्याने कागद उलटा करून, सुलटा करून पाहिला. "रेकॉर्डिंगवाल्याचं अक्षर असं?"

"कागदावर मी झाडूवाला आहे," म्हटलं.

त्याने कागद फायलीत ठेवला. मग म्हणाला, "स्टुडिओच्या दारात माझा एक माणूस असेल. रोज. तुम्ही तुमचं काम करत राहा."

हे आज उजव्या हाताने लिहितोय. दार लावलंय. यापुढे नाही.

२२ मे १९७७, रविवार

ही नवी वही. जुनी बायकोने कुठे ठेवली ते विचारलेलं नाही.

माझं नाव जायरोसी. देवक सोको. मी जन्मापासून डावखुरा आहे. मेहुण्याने माझ्यावर एक गाणं केलं होतं, ते चांगलं झालं होतं. मेहुणा जिन्यावरून पडून वारला. मुलगा जोहान्सबर्गला खाणीत आहे, आमच्यात पत्रव्यवहार नाही.

आज सोल्डर करताना हात भाजला. जेवताना साद्झा दोनदा सांडला. बायकोने ताट माझ्या डाव्या बाजूला सरकवलं, टिचाओनाचं सरकवायची तसं.

केफासीची म्बिरा भिंतीवर आहे. तिच्या भोपळ्यावरची झाकणं सैल झाली होती, ती घट्ट बांधली.

अक्षर फार वाईट येतंय. सुधारेल का, पुढे बघू.